तक्त्यामागची टीप

गुलाबभाऊ, तुझी उजवी मूठ शेवटपर्यंत उघडली नाही. आंघोळ घालणाऱ्यांनी बोटं सोडवून पाहिली, मग तशीच राहू दिली. मी दाराशी उभी होते. अशा वेळी धाकट्या बहिणीच्या मनात काय यावं हे ठरलेलं असतं. माझ्या मनात आलं, आता हा उठून मला मारणार. त्या हाताकडे पाहिल्यावर आयुष्यभर माझा पहिला विचार तोच असायचा.

तेरा दिवस लोक येत राहिले. गुलाब वायरमन तापट होता पण मनाचा साफ होता, असं म्हणत चहा पिऊन गेले. तापट हा शब्द फार मऊ आहे. तू भिंतीवरची वायरिंग लाकडी पट्टीसकट उपटायचास, तेव्हा चुन्याचे पोपडे खाली पडायचे आणि त्या घरातली पोरं आईच्या मागे लपायची. बारीक वायर दिसली की तुझं डोकं जायचं. मामांच्या मुलीच्या लग्नात मांडवाला गुंडाळलेली वायर तुझ्या हाताला गरम लागली, आणि मंगलाष्टकं चालू असताना तू ती दोन्ही हातांनी ओढून खाली आणलीस. लाउडस्पीकर बंद, पंखे बंद. मांडववाला धावून आला. त्याचे दोन दात तू पाडलेस, त्याने लोखंडी खुर्ची तुझ्या पाठीत घातली. मामा परवाही म्हणाले, माह्या पोरीचं लग्न भटजीच्या घशावर लागलं, अन् तिकडे वऱ्हाडी गुलाबले धरून राहिले होते. सगळे हसले. वहिनीही थोडी हसली.

तू मारायचास तेही उलट्या हाताने. वायर किती तापली हे पाहायला तू हाताची मागची बाजू लावायचास. तळहात लावला आणि करंट असला तर मूठ आवळते, वायर हातातच राहते. मागची बाजू लावली तर निदान ती मुठीत सापडत नाही. ही सवय तुझ्या अंगात इतकी मुरली होती की भाकरी गरम आहे का, पोराच्या अंगात ताप आहे का, सगळं तू हाताच्या पाठीनेच पाहायचास. थप्पडही तशीच बसायची, चार हाडांची.

माझा डावा कोपर अजून सरळ होत नाही. मी दहा वर्षांची होते, तू पंधराचा. मागच्या अंगणात कपडे वाळत घालायची लोखंडी तार होती. शेजारच्या घराकडे गेलेल्या विजेच्या वायरवरचं रबर झिजून ती कधी त्या तारेला टेकली होती, कोणाला कळलं नव्हतं. मी ओलं लुगडं टाकायला हात वर केला आणि चिकटले. ओरडता येत नव्हतं. आई माझ्याकडे धावली. तिला तू ढकलून पाडलंस, पायरीवर तिचं कपाळ फुटलं. मग धुण्याची लाकडी मोगरी उचलून तू माझ्या कोपरावर होती नव्हती ती सगळी ताकद लावून हाणलीस. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला, आणि मग मी जमिनीवर होते. बाबा घरी आले तेव्हा आईच्या कपाळावर रक्त, माझा हात लोंबकळलेला आणि तुझ्या हातात मोगरी. त्यांनी कमरेचा पट्टा काढला. आई शुद्धीवर येऊन सांगेपर्यंत तू मार खाल्लास आणि एक शब्द बोलला नाहीस.

नंतर मी तुला विचारलं होतं, मला ओढलं का नाहीस. कुठल्याशा लाइनमनकडून तू ते ऐकलं होतंस. "चिकटलेल्याले ओढू नये, पमे. मारावं. ओढणारा बी चिकटते." आणि बाबांना काहून नाही सांगितलं? तू खांदे उडवलेस. "मारून झालं होतं त्यायचं. मंग सांगून का फायदा?"

म्हणून त्या दिवशी शेजारच्या सिंधूबाईच्या घरी काय घडलं ते मला कोणी सांगायच्या आधीच कळलं. मी शाळेत वार्षिक परीक्षेचे पेपर तपासत होते. भर दुपारी त्यांनी कूलरमध्ये पाणी भरायला म्हणून पत्र्याला हात लावला. कूलरला दरवाज्याच्या घंटीची बारीक जुळी वायर लावलेली होती, मधे उघडा जोड, जमिनीकडे जाणारी तिसरी तार नाहीच. आरडाओरड ऐकून तू जेवता जेवता उठून गेलास, अनवाणी. हातात आला तो बसायचा पाट आणि तो तू त्यांच्या मनगटावर मारलास. त्या सुटल्या. त्यांचं मनगट दोन जागी मोडलं आहे. पण त्या दणक्याने लोखंडी घोडीवरचा कूलर कलंडला आणि तुझ्या छातीवर आला. मागे भिंत होती, खाली सांडलेलं पाणी होतं. दारात माणसं उभी होती. कोणी देवाचं नाव घेत होतं, कोणी मेन स्विच शोधत होतं. पाट तुझ्याच हातात होता.

तुला मारायला तिथं कोणी नव्हतं, भाऊ. हे वाक्य मी तेरा दिवस मनात घेऊन फिरते आहे.

आता जे लिहायचं आहे ते लिहिते. तुझ्यापाशी ते मी नीट कधी बोलले नाही.

अकरा वर्षांपूर्वी तांब्याची वायर बाजारात मिळेनाशी झाली आणि ॲल्युमिनियमची आली. तांबं तुझ्या हाताला ठाऊक होतं. तीन-बावीस, सात-वीस, म्हणजे किती तारा आणि कुठल्या नंबरच्या, हे तू डोळे मिटून बोटात फिरवून सांगायचास. मोटर सांगितली, लांबी सांगितली की तू मान हलवायचास आणि नंबर बोलायचास. शेवटच्या टोकाचा दिवा पिवळा पडला असं तुझ्या कामात कधी झालं नाही. ॲल्युमिनियम मात्र तुला परकं होतं. ते वजनाला हलकं, वाकवलं की वाकलेलं राहणारं, आणि त्याची मापंही चौरस मिलिमीटरमध्ये. तू म्हणायचास, ही वायर हातात धरली का काहीच बोलत नाही. तशात इतवारीपलीकडच्या एका डाळ मिलचं काम तुला मिळालं. नवी तूर यायच्या आत दोन मोटरी बसवायच्या होत्या. तुझं तोपर्यंतचं सगळ्यात मोठं काम.

तू जुन्या पुस्तकांच्या ढिगातून एक इंग्रजी पुस्तक आणलंस. त्यात वायरींचे तक्ते होते. मॅट्रिकला तू इंग्रजीतच नापास झाला होतास, त्यामुळे ते माझ्यापुढे ठेवलंस. पौषातला रविवार होता. आपण उन्हात सतरंजीवर बसलो होतो, मी शाल घेतली होती. तू मोटरी सांगितल्यास, मी करंट काढला, तक्त्यात बोट फिरवलं आणि माप सांगितलं. 

"माझा हात म्हणते, एक नंबर जाड टाक," तू म्हणालास.

मी हसले. मला आठवतं, मी फार छान हसले. नुकतीच बी.एस्सी. होऊन शाळेत लागले होते. तुझ्याशी मी घरची बोली बोलायची, पण त्या दिवशी पुस्तकी बोलले. म्हणाले, आकड्यांच्या बाबतीत हाताला विचारत नाहीत, भाऊ.

"नीट पाह्यलं ना वं?"

"पाहिलं."

"मंग ठीक आहे. शिकेल तू आहे."

तू ज्याच्यापुढे मान तुकवलीस असं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. तेवढ्यासाठी मला तो रविवार वर्षानुवर्षं आवडत राहिला असता.

तक्ता त्या पानावर संपत होता. पान उलटलं की मागे बारीक अक्षरात टीप होती. मी पान उलटलं नाही.

वैशाखात दुपारी दोनच्या सुमारास मिल पेटली. पत्र्याच्या छपराला लागून लोखंडी नळी होती आणि तिच्यात दोन्ही मोटरींच्या सहा वायरी एकत्र. त्यांच्यावरचं आवरण मऊ होत गेलं, वितळलं, तारा एकमेकींना भिडल्या. खाली तुरीचा भुसा आणि बारदाना. एका हमालाची पाठ मानेपासून कमरेपर्यंत भाजली. मिलमधले लोक तुलाच विचारत होते, फ्यूज काहून उडाला नाही? फ्यूज उडाला नाही, कारण आग लागेपर्यंत करंट जास्त नव्हताच. वायर बारीक होती.

तू आग विझवायला गेला होतास. तिथेच तुला धरलं. मिलच्या मोटरीचा चामडी पट्टा अर्धा जळला होता, त्याच पट्ट्याने मारलं. हातगाडीच्या चाकाला बांधून मारलं. मिलचे शेठ बाजूला उभे होते आणि एकच प्रश्न विचारत होते, बारीक वायर कोणाच्या सांगण्यावरून टाकली? वहिनीला ही हकीकत त्याच हमालाच्या भावाने सांगितली, तोही मारणाऱ्यांत होता. तो म्हणाला, याने फक्त एवढंच म्हटलं, "मी टाकली." शेवटी कोणीतरी हाताने मारलं ते डाव्या कानावर बसलं. त्या कानातून रक्त आलं आणि पुढे त्या कानाने तुला कधी ऐकू आलं नाही.

त्याच संध्याकाळी मी पुस्तक उघडलं आणि पान उलटलं. वरचे आकडे चाळीस अंशांच्या हवेसाठी आहेत, असं तिथे होतं. त्याहून तापलेल्या जागी वायर असेल तर करंट कमी धरावा, म्हणजे वायर जाड घ्यावी. एका नळीत अनेक वायरी असतील तर आणखी जाड. उष्णता तापलेल्या वस्तूकडून थंड वस्तूकडे जाते, हे मी दरवर्षी सातवीच्या मुलींना शिकवते. आपल्या गावच्या वैशाखात, दुपारी, पत्र्याखाली, सहा वायरी एकमेकींना चिकटून पडल्या असतील तर त्यांनी आपली उष्णता कोणाला द्यायची? हा प्रश्न मी परीक्षेत विचारू शकले असते. शाल पांघरून उन्हात बसलेल्या मला तो सुचला नाही. तुझ्या हाताला सुचला होता.

दुसऱ्या दिवशी मी तुझ्याकडे आले. पिशवीत पुस्तक होतं, पानाचा कोपरा दुमडलेला. तू खाटेवर पालथा पडला होतास, पाठीवर हळद. पाठीवर माणसाची कातडी दिसतच नव्हती. मी उजव्या बाजूला बसले. तू डोळे न उघडता म्हणालास, "हात सांगून राह्यला होता वं. म्याच आयकलं नाही."

त्या वेळी बोलायला हवं होतं. मी विचारलं, दूध घेतोस का.

इतवारीतल्या एकाही मिलने तुला पुन्हा काम दिलं नाही. बारीक वायरवाला गुलाब, हे नाव पडलं ते पडलंच. मग तू घरांची कामं घेऊ लागलास, लग्नाचे मांडव तपासू लागलास, आणि तुझी मारामारी वाढत गेली. पूर्वी तू चिडल्यावर मारायचास. नंतर बारीक वायर टाकणाऱ्या माणसाला तू आधी मारायचास आणि चिडायचास नंतर. मी वर्तमानपत्राआड तोंड घालून ते किस्से ऐकत बसायची. प्रत्येक मार मला लागायचा असं लिहिलं तर ते खोटं होईल. लागत नव्हता, म्हणून तर बसवत होतं.

एकदा लागला. रामदासपेठेतल्या माझ्या भाड्याच्या खोलीत मी कूलर घेतला आणि घाईत घंटीची वायर लावली. तू आलास, पाहिलंस, वायर भिंतीतून उपटलीस आणि घरमालकिणीच्या देखत मला थप्पड मारलीस. उलट्या हाताची. ओठ फुटला. मला वाटलं, याला कळलं आहे, हा मिलचा हिशेब करतो आहे, आणि खरं सांगते, मला बरं वाटलं. पण तू दुपारभर तिथेच राबलास. जाड वायर आणलीस, तिसरी तार टाकलीस, अंगणात माणूसभर खड्डा खणून त्यात त्या तारेला जोडलेला पत्रा पुरलास, मीठ आणि कोळसा भरलास. जाताना घरमालकिणीला सांगितलंस, वैशाखात या खड्ड्याले रोज बादलीभर पाणी पाजत जा बाई, जमीन वाळली का ती करंट पीत नाही. माझ्याशी बोलला नाहीस. मी चार महिने तुझ्याकडे आले नाही. कशाबद्दल रुसले होते, हे आज मला धड सांगता येत नाही.

एक गोष्ट मला कळायला उशीर झाला. मिलनंतर तू कुठल्याही कामावर गेलास की मोजमाप करायच्या आधी विचारायचास, "वैशाखात इथं किती तापते?" लोकांना वाटायचं तू गप्पा मारतो आहेस. ती मागच्या पानावरची टीप होती, भाऊ, जशीच्या तशी. ती तुला पाठीच्या कातडीने शिकवली की कोणाकडून तू दुसऱ्या पुस्तकातलं ते पान वाचून घेतलंस? वाचून घेतलं असशील तर त्याच दिवशी तुला कळलं असणार की मी ते वाचलं नव्हतं. आणि तरी तू दर दिवाळीला मला पिशवीभर संत्री आणून देत राहिलास. हे मला तुला विचारायचं होतं.

मी एकदा सांगितलं, हेही लिहायला हवं. दोन वर्षांपूर्वी, बाबांच्या श्राद्धाला, आपण ओट्यावर बसलो होतो. मी जागा निवडून तुझ्या डाव्या बाजूला बसले. आणि रस्त्याकडे पाहत, हळू आवाजात म्हणाले, मिलची वायर मी चुकीची सांगितली होती, मी मागचं पान वाचलं नव्हतं. सगळं वाक्य म्हटलं, शेवटपर्यंत. तू मान वळवून उजवा कान पुढे केलास.

"काय म्हटलं वं?"

"काही नाही. ऊन वाढलं."

इतका भेकडपणा मी शाळेतल्या कुठल्याही मुलीला माफ केला नसता.

काल तुझी तेरवी झाली. पंगत बसली होती. सिंधूबाई प्लास्टरमधला हात मांडीवर घेऊन भिंतीशी बसल्या होत्या, शेजारी मी, माझा वाकडा कोपर त्यांच्या प्लास्टरला लागत होता. तुझ्या हाताने मोडलेल्या आणि म्हणून जिवंत असलेल्या दोन बायका. शेठ आले होते. आता म्हातारे झाले आहेत, काठी घेऊन चालतात. चांगल्या मनानेच आले होते, डोळे पुसत होते. म्हणाले, "माणूस दिलदार होता. पण एक डाव त्यानं माह्या मिलमधी बारीक वायर टाकली. तेवढं नसतं केलं, तर या गावात त्याच्यासारखा वायरमन नव्हता." पंगतीतल्या सगळ्यांनी माना हलवल्या. वहिनी वरणाचं भांडं घेऊन वाढत होती, तिनेही खाली पाहिलं. तुझ्या अंगणात, तुझ्या तेरवीला, तुझ्या नावावर ते शेवटचं ठोकलं जात होतं, आणि घास माझ्या तोंडात होता.

पुस्तक तेरा दिवस माझ्या पिशवीतच होतं. मी उठले, हात धुतले, पुस्तक काढलं आणि उभ्याने मागच्या पानावरची टीप वाचली, आधी इंग्रजीत आणि मग मराठीत, सातवीच्या मुलींना सांगते तशी. मग म्हणाले, "शेठ, वायर मी सांगितली होती. भाऊ जाड टाकतो म्हणत होता. मी हे पान उलटलं नाही. तुम्ही विचारत होता ना, कोणाच्या सांगण्यावरून? माझ्या."

कोणी जेवेना. शेठची काठी खाली पडली, ती कोणी उचलली नाही. ते म्हणाले, "बाई, मी त्याले पट्ट्यानं मारवलं." जणू मला ते माहीत नव्हतं. आणि मग, "आता सांगून काय करता?" बाबांच्या माराबद्दल तू म्हणाला होतास तसंच ते म्हणाले.

वहिनीने वरणाचं भांडं जमिनीवर ठेवलं. पंगतीतून वाट काढत माझ्यापाशी आली. पंधरा वर्षांच्या संसारात तिने तुझ्यापुढे कधी आवाज चढवला नव्हता, कुठल्या पोरालाही मारलेलं मी पाहिलं नव्हतं. तिने माझ्या तोंडात मारली. तळहाताने, सरळ हाताने, सगळ्यांदेखत. पुस्तक खाली पडलं.

"अकरा वर्षं लोकायनं त्यायले बारीक वायरवाला म्हटलं," ती म्हणाली. "अन् तू आयकत बसली."

 मारून झालं होतं. ती तशीच उभी राहिली, मग तिच्या त्याच हाताने माझा दंड धरला.  तिने मला पाटावर बसवलं, भांडं उचललं आणि माझ्या भातावर वरण वाढलं. "जेव आता," म्हणाली.

मी जेवले. तुला अग्नी दिल्यापासून पहिल्यांदा माझ्या घशाखाली घास सरळ उतरला.

आज सकाळी घरमालकीण माझ्या गालाकडे पाहून म्हणाली, भाऊ तर गेला, मग हे कोणी मारलं? मी तिला सगळं सांगितलं. आता कोणी विचारलं की सांगते. मग कोपर दुखत असताना एक बादली भरून अंगणात नेली आणि तुझ्या खड्ड्यात ओतली. वैशाख अजून बराच बाकी आहे. पाणी बघता बघता जमिनीत गेलं.